गॅरेजमधला काढा

हे मी सकाळी लिहितो. सकाळी नऊ ते साडेदहा माझं डोकं बऱ्यापैकी चालतं, पुढे त्याचा भरवसा नाही. लिहिलेलं माझी बायको वृंदा दुपारी वाचते आणि एकच गोष्ट दोनदा आली असेल तर समासात पेन्सिलीने फुली मारते. फुल्या बऱ्याच आहेत. त्या गाळून जे उरलं ते तुमच्या हातात आहे.

मला अल्झायमर आहे. वय चौसष्ट. न्यूझीलंडमधल्या लोअर हटमध्ये आम्ही बावीस-तेवीस वर्षं राहतोय आणि त्यातली बहुतेक वर्षं मी एका फार्मसीच्या काउंटरमागे उभा राहून लोकांना औषधं दिली आणि सोबत उपदेशही पाजला. आजारपणावर लिहिणारी माणसं धीराने लिहितात, वाचणाऱ्याला बळ देतात. मला ते जमणार नाही, कारण या आजारात मी धड वागलो नाही. मी खोटं बोललो आणि त्याची शिक्षा बायकोला भोगू दिली. ज्यांच्या घरात हे दुखणं नुकतंच शिरलंय त्यांनी माझ्यासारखं करू नये, एवढ्यासाठी ही वही.

घड्याळ

सुरुवात दुकानातच झाली. रोजच्या गिऱ्हाइकांची नावं जिभेवर येईनात. मी सगळ्यांना 'मेट', म्हणजे मित्रा, म्हणून निभावून नेलं. या देशात ती एक सोय आहे. मग एका दुपारी एका बाईंसाठी रक्तदाबाच्या गोळ्या काढल्या त्या दुप्पट ताकदीच्या. शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याने त्या पाहिल्या आणि एक अक्षर न बोलता बदलल्या. त्याच्या त्या न बोलण्यानेच मला कळलं की हे पहिल्यांदा घडत नाहीये. त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली आणि गुडघे दुखतात असं सगळ्यांना सांगितलं.

मेमरी क्लिनिकची तारीख मिळाली तेव्हा मी काय केलं असेल? अभ्यास केला. तिथे काय विचारतात ते धंद्यामुळे मला ठाऊक होतं. घड्याळ काढायला लावतात आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर ठेवायला सांगतात. मी पंधरा दिवस घरी चोरून घड्याळं काढली. म्हणजे पेपर आधीच फोडला होता, तरी नापास झालो. एक काटा अकराच्या आकड्यावर ठेवला, दुसरा दोनाऐवजी दहाच्या. ठेवताना मला अगदी खात्री होती.

तिथल्या नर्सचं नाव अरोहा. "कीआ ओरा, सुधीर," असा माओरी नमस्कार करून तिने हात पुढे केला होता आणि घड्याळ पाहिल्यावरही तिचा चेहरा तसाच हसरा राहिला. पुढे स्कॅन वगैरे झाले आणि डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला. गोळी लिहून देताना, हिने हा आजार बरा होत नाही, काहींची लक्षणं काही काळ आवरतात, असंही सांगितलं. हेच वाक्य मी काउंटरवरून कितीतरी जणांना ऐकवलं होतं. ऐकणाऱ्याला ते असं लागतं हे माहीत नव्हतं.

गाडीत बसल्यावर वृंदा म्हणाली, "जाता जाता भाजी घ्यायची का?"

मी म्हटलं, "घे."

घरी येऊन ती मेथी निवडायला बसली. निवडता निवडता रडायला लागली. मला समोर दिसत होतं. मी उठून तिच्याजवळ गेलो नाही, गॅरेजमध्ये जाऊन उगाच अवजारं लावत बसलो. मला माझीच पडली होती.

मिस्टर चान

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी. दुकानात मिस्टर चान नावाचे एक म्हातारे गृहस्थ यायचे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घ्यायचे. एकदा मी नेहमीसारखं विचारलं, "आणखी काही घेता का? हर्बल, टॉनिक, घरगुती?" ते आधी नाही म्हणाले, मग हळूच म्हणाले की बायको काही मुळ्या उकळून देते. मी भडकलो. रांगेत सहा-सात माणसं होती. त्यांच्यादेखत म्हणालो, "मिस्टर चान, झाडपाला उकळून आजार बरे झाले असते तर मी या काउंटरमागे कशाला उभा राहिलो असतो?"

रांगेतली दोन माणसं हसली. चान टोपी हातात धरून उभे राहिले, पिशवी घेतली आणि गेले. नंतर ते आमच्या दुकानात कधी दिसले नाहीत. गोळीबरोबर मुळ्या घेऊ नयेत हे माझं म्हणणं योग्यच होतं. पण म्हाताऱ्या माणसाने धीर करून खरं सांगितलं आणि मी त्याचा चारचौघांत पाणउतारा केला. पुढच्या वेळी तो खरं कशाला सांगेल?

हाच मी, आजार कळल्यावर महिनाभरात, दारं लावून चिनी औषधांवर वाचत बसलो. वाचायला पुष्कळ होतं. तपासण्या चालू आहेत, काही आशा आहे, ठाम कोणी काही म्हणत नाही. त्यातली एक वनस्पती मात्र माझ्या मनात भरली. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कोणी शोधायला निघू नये म्हणून. तिच्यातला एक घटक मेंदूत नेमकं तेच काम करतो जे माझी गोळी करते. मी गणित मांडलं की गोळी अर्धं काम करते आहे, तर ही जोडीला घेतली की पुरं होईल.

हे गणित काउंटरपलीकडच्या कोणी मांडलं असतं तर मी त्याची सालं काढली असती. दोन्ही एकत्र घेतली तर हृदयाचे ठोके उतरतात, माणूस चक्कर येऊन पडतो, हे मला पाठ होतं. विसरलो होतो असं नाही. त्या दिवसांत मी किल्ल्या विसरायचो, मुलीचा फोन येऊन गेला ते विसरायचो, पण हे नव्हतो विसरलो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मिसेस लिन

चिनी औषधांचं दुकान स्टेशनमागच्या गल्लीत होतं. कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून मी टोपी पुढे ओढून गेलो. आत भिंतभर लाकडी खण, आणि सुंठ, दालचिनी, जुनी साल यांचा एकत्र वास. आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात येतो तसाच. मला तिथे गेल्या गेल्या बरं वाटलं. ते वाटणंसुद्धा आवडलं नाही.

मिसेस लिन साठीच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी फॉर्म दिला. व्यवसाय या रकान्यात मी 'शिक्षक' असं लिहिलं. सध्या चालू असलेली औषधं या रकान्यात 'नाही'.

त्यांनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ पाहिली. मग म्हणाल्या, "विसरण्यासाठी आमच्याकडे जुनी औषधं आहेत. पण तुमचा हा आजार बरा झालेला मी पाहिलेला नाही. थोडं बरं वाटलेलं पाहिलंय. प्रॉमिस करणार नाही."

मी त्या वनस्पतीचं नाव घेतलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कुठे ऐकलंत?"

"वाचलं."

"ती जोरकस आहे. डॉक्टर स्मरणाची गोळी देत असेल तर ती चालणार नाही. टुगेदर, नो. देतात का गोळी?"

"नाही."

"शुअर?"

"शुअर."

त्यांनी माझी सही घेतली, चिमटीने तोलून पुड्या बांधल्या. काउंटरवर मीही कधी घेतली नसेल एवढ्या काळजीने त्यांनी पुडीवर प्रमाण लिहिलं.

दोन आठवड्यांनी परत गेलो तेव्हा नाडीवर त्यांची बोटं बराच वेळ थांबली. "फार सावकाश चाललीय," त्या म्हणाल्या. "गोळी नाही ना?" मी सांगितलं की मी रोज नदीकाठाने तासभर चालतो, दम चांगला आहे. त्यांनी त्या वनस्पतीचं प्रमाण निम्मं केलं आणि 'जीपीला नाडी दाखवा', म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांना, अशी चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी मी बस स्टॉपवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

पुढे कोणी म्हणालं की असल्या दुकानांवर बंदी घाला, तर मी मान खाली घालतो. त्या बाईंनी तीनदा विचारलं होतं.

काढा

मराठी घरात चोरून करायला काढ्याइतकी सोपी गोष्ट नाही. काढ्यावर कोणी संशयच घेत नाही. मी गॅरेजमध्ये कॅम्पिंगची शेगडी मांडली, एक जुनं दुधाचं पातेलं घेतलं आणि सकाळी पुडी उकळायला ठेवली. वर थोडं आलं आणि गवती चहा, वासासाठी.

वृंदा डोकावली. "काय उकळतोयस रे?"

"घसा खवखवतोय. गवती चहाचा काढा."

आमची ओळख कॉलेजातली, अहो-जाहो कधी झालंच नाही. ती दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "बरं झालं. काहीतरी स्वतःहून करतोयस."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासाठी एक वेगळं गाळणं आणून गॅरेजमध्ये खिळ्याला अडकवलं. ऑकलंडला असलेल्या आमच्या मुलीला, ईशाला, फोनवर कौतुकाने सांगितलं, "बाबा हल्ली स्वतःचा काढा स्वतः करतो, पातेलंही घासून ठेवतो." पातेलं मी घासत होतो ते तळाशी काही दिसू नये म्हणून.

उपयोग झाला का, असं लोक विचारतील. दोन-तीन आठवडे मला डोकं लख्ख झाल्यासारखं वाटलं. शब्द चटकन सापडत होते. ते काढ्यामुळे, की आपण काहीतरी करतोय या समाधानामुळे, की नुसता भास, हे मी सांगू शकत नाही. ज्याने सगळ्यांना फसवून औषध घेतलं त्याच्या अनुभवाला पुरावा म्हणू नये.

त्याच सुमारास डॉक्टरांनी माझ्या गोळीची ताकद वाढवली. अरोहाचा फोन आला. "आणखी काही घेत नाहीस ना? हर्बल, सप्लिमेंट्स?" माझाच प्रश्न, माझ्याच शब्दांत. मी म्हटलं, "नो, नथिंग."

गोळ्यांची डबी वृंदा भरायची. सात वारांचे सात कप्पे, दर रविवारी. मी एकदा गोळी दोनदा घेतली होती, तेव्हापासून ते काम तिच्याकडे. जुन्या, कमी ताकदीच्या गोळ्यांची पाकिटं अजून ड्रॉवरमध्येच होती. हे ध्यानात ठेवा.

मला आठवत नाही

शनिवारी सकाळी आम्ही नदीकाठच्या बाजारात गेलो. कोथिंबिरीच्या रांगेत मला घाम फुटला आणि मी कोसळलो. डोळे उघडले तेव्हा नाकासमोर कोणाची तरी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेली पावलं होती आणि वृंदा माझ्या डोक्याखाली पालकाची पिशवी सरकवत होती. "सुधीर, माझ्याकडे बघ. बघ माझ्याकडे," एवढंच ती म्हणत होती.

हॉस्पिटलमध्ये छातीला वायरी लावल्या. पडद्यावरचा ठोक्यांचा आकडा मला वाचता येत होता. कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

चार दिवस तिथे होतो. सहा वाजता रक्तदाब, साडेसातला टोस्ट, दहाला चहाची गाडी. गाडी ढकलणारा सामोअन गृहस्थ दुसऱ्या दिवशीच म्हणाला, "नो शुगर, राइट बॉस?" त्याने लक्षात ठेवलं होतं. नर्सेस मला रोज वार आणि महिना विचारत आणि चुकलं तरी ओरडत नसत. इतकी माणसं माझ्याशी नीट वागत होती की तोंड लपवायला जागा उरली नाही.

डॉक्टर तरुण होते. पलंगाशी वृंदा आणि ऑकलंडहून धावत आलेली ईशा. ते म्हणाले, "गोळीचा डोस जास्त झाल्यासारखं दिसतंय. डबीत काही गोंधळ होऊ शकतो का? जुन्या आणि नव्या गोळ्या एकत्र?"

वृंदाने ओढणी हातात घेतली. "डबी मीच भरते," ती म्हणाली. "जुनी पाकिटं ड्रॉवरमध्ये आहेत. माझ्याकडूनच दोन्ही पडल्या असतील."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही स्वतः काही जास्त घेतलंत का? आठवतंय?"

मला सगळं आठवत होतं. पातेलं, पुड्या, खिळ्याला अडकवलेलं गाळणं, पुडीवरचं प्रमाण. मी म्हणालो, "मला आठवत नाही."

सगळ्यांनी मानून घेतलं. अल्झायमरच्या माणसाच्या तोंडी हे वाक्य असं आहे की त्यावर कोणी उलटतपासणी घेत नाही. ते वापरता येतं हे मला त्या क्षणी कळलं, आणि मी वापरलं. कशासाठी? फार्मासिस्ट असून गॅरेजमध्ये झाडपाला उकळत होता, हे उघड होऊ नये म्हणून. मिस्टर चानच्या जागी उभं राहायला लागू नये म्हणून.

पडद्याबाहेर ईशाचा आवाज आला. ती लहानपणापासून मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. "मम, इट्स अ पिल बॉक्स. यू हॅड वन जॉब. ही कुड हॅव डाइड!"

वृंदा म्हणाली, "हो गं. माझंच चुकलं."

मी उशीवर तोंड फिरवलं.

वृंदाची परीक्षा

घरी आल्यावर गॅरेजमधलं सगळं मी लाल झाकणाच्या कचरापेटीत खाली दडवलं. डोकेदुखी संपली असं वाटलं. ठोके आपोआप सुधारले. डॉक्टरांनी गोळी काही दिवस बंद करून पुन्हा कमी ताकदीची सुरू केली आणि डबी आता फार्मसीतून भरून, सील करून यायला लागली. ती पहिल्यांदा आली तेव्हा वृंदाने तिच्यावरून बोट फिरवलं आणि ठेवून दिली.

मग ती स्वतःवर पहारा ठेवायला लागली. गॅस बंद केला का, हे चारदा बघायची. सामानाची यादी करायची आणि यादीत काय राहिलं याची दुसरी यादी. एके दुपारी स्वयंपाकघरात गेलो तर ती टेबलाशी बसून सुपरमार्केटच्या पावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी काढत होती. मला पाहून हाताने झाकलं. मी पाहिलंच होतं. घड्याळं होती. अकरा वाजून दहा मिनिटं.

"मलाही तेच होत असेल तर?" ती म्हणाली. "दोघंही असे झालो तर ईशाने काय करायचं रे?"

तेव्हा बोलता आलं असतं. मी म्हणालो, "काही नसतं गं, चहा टाक."

तिने जीपीकडून चाचणी करून घेतली. मी बाहेर बसलो होतो. ती बाहेर आली ती सगळे गुण मिळवून, पण चेहरा उतरलेलाच. "सगळं बरोबर आलं म्हणे," ती म्हणाली. "मग गोळ्या कशा चुकल्या?" याचं उत्तर त्या दवाखान्यात एकट्या मला माहीत होतं.

वृंदा एका बालवाडीत काम करायची. अठरा वर्षं. पोरं तिला 'विंडा' म्हणायची. दम्याच्या मुलांचे पंप, कोणाची ॲलर्जीची औषधं, हे सगळं तिच्या कपाटात. तिने राजीनामा लिहिला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "उद्या एखाद्या लेकराला चुकीचा पंप दिला तर? वाच रे, इंग्रजी बरोबर आहे का."

मी वाचला. एक स्वल्पविराम दुरुस्त केला. तिने तो पाठवला.

आजवर या वहीत जे लिहिलं त्यातलं हे वाक्य लिहायला मला तीन सकाळी लागल्या. काढा प्यायलो ती भीती होती. हॉस्पिटलमध्ये खोटं बोललो तो अहंकार होता. त्या स्वल्पविरामाला माझ्याकडे नाव नाही.

सांगितलं

शेवटच्या दिवशी ती बालवाडीतून मोठं कार्ड घेऊन आली. त्यावर रंगात बुडवलेले लहान लहान पंजे, वीसेक. तिने ते फ्रीजला लावलं, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं, वेळीच थांबले."

मी म्हणालो, "वृंदा, बस जरा. एक सांगायचंय."

सगळं सांगितलं. दुकान, फॉर्म, चिठ्ठी, पातेलं. हे सगळं मी सांगतोय ते वृंदाने नंतर सांगितल्यावरून, कारण ती संध्याकाळ माझ्याकडे नीटशी उरलेली नाही. ती म्हणते की तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "मी घड्याळं काढत बसले होते तेव्हा तुला हे आठवत होतं?"

मी म्हणालो, "हो."

ती जँडल्स घालून बाहेर पडली आणि नदीच्या बांधावरून पार पुढच्या पुलापर्यंत चालत गेली. परत आल्यावर तिने ईशाच्या खोलीत स्वतःचं अंथरूण घातलं. दोन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलली. गोळी, जेवण, कचऱ्याची बिन बाहेर काढ. मला तेवढंही मिळायला नको होतं.

ईशाला फोन मीच केला, वृंदा शेजारी बसून. पातेल्यापासून सगळं सांगितलं. मग, "डॅड, दॅट्स नॉट ओके." मग ती रडली आणि आयुष्यात क्वचित करते तसं मराठीत म्हणाली, "आईला फोन दे." त्या दोघी तासभर बोलल्या. मी बाहेर उभा होतो.

अरोहालाही सांगितलं. तिने नोंद बदलली. रागावली नाही. "हीप्स ऑफ पीपल करतात, सुधीर," ती म्हणाली. "विचारण्यात आमचीही चूक होत असेल. लोकांना आमची लाज वाटता कामा नये." मी वीस वर्षं तोच प्रश्न विचारला, पण असा विचार कधी केला नाही.

वृंदा मला मिसेस लिनकडेही घेऊन गेली. त्यांनी खणातून माझा फॉर्म काढून समोर ठेवला, सहीवर बोट ठेवलं.

"तुम्ही शिक्षक नाही," त्या म्हणाल्या.

"नाही. केमिस्ट."

त्यांनी फॉर्म परत खणात सरकवला. "नाडी सांगत होती," त्या म्हणाल्या. "मी तोंडाचं ऐकलं. आता नवीन माणसाकडून आधी जीपीची यादी मागते." मग वृंदाला खुर्ची दिली आणि चहा विचारला. मला विचारला नाही.

बालवाडीने वृंदाला परत बोलावलं. पूर्वीची जागा भरली गेली होती, त्यामुळे आठवड्यातून दोन दिवस, कोणी रजेवर असेल तेव्हा. औषधांच्या कपाटाची किल्ली त्यांनी पुढे केली तेव्हा तिने ती लगेच घेतली नाही, असं ती म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात घेतली.

डबी

ज्यांच्या घरी हे दुखणं आहे त्यांना एवढंच सांगतो. जे काही करत असाल, काढा, पुडी, गंडा, ते दोन्हीकडे सांगा. डॉक्टरलाही आणि वैद्यालाही. लाज वाटली तरी सांगा. आणि जे विचारतात त्यांनी असं विचारा की समोरच्याला खरं बोलावंसं वाटेल. चिनी औषधाचा उद्या या आजारावर उपयोग होईलही, शोधणारी माणसं शोधत आहेत. झाला तर मला आनंदच आहे. माझ्या हातून जे बिघडलं त्यात त्या औषधाचा दोष थोडा आणि माझा फार.

आता शेवटचं. या आजाराने माझ्याशी एक विचित्र खेळ मांडलाय. केलेलं पाप मला स्वच्छ आठवतं. कबुली दिलेली आठवत नाही.

त्यामुळे कधीतरी सकाळी जाग येते ती छातीवर दगड घेऊनच. अजून सांगितलं नाही, अजून तिला वाटतंय तिचंच चुकलं, आणि माझं डोकं आहे तोवर सांगायला हवं. मी स्वयंपाकघरात जातो आणि म्हणतो, "वृंदा, बस जरा. एक सांगायचंय." आणि ती बसते. वृंदा सांगते की असं मी चार वेळा केलंय. चारही वेळा तिने पुन्हा सगळं ऐकून घेतलं, पातेल्यापासून स्वल्पविरामापर्यंत. मी मन मोकळं करून उठायचो आणि तिचा दिवस नासायचा. म्हणजे कबुलीसुद्धा मी तिच्याच जिवावर करत होतो.

पाचव्या वेळी मी तिच्याकडे निघालो तेव्हा तिने मला बसवलं नाही. डबी समोर धरली. फार्मसीतून येते ती, सात कप्प्यांची. तिच्या झाकणावर वृंदाने बालवाडीतल्या ठळक पेनने, मोठ्या मराठी अक्षरांत, एक पट्टी लिहून चिकटवली होती. आता दर आठवड्याला नव्या डबीवर ती तीच पट्टी काढून लावते.

'काढ्याचं सांगून झालंय. मी ऐकलंय. गोळी घे.'

मी वाचलं. दोनदा वाचलं. म्हणालो, "माफ केलं असं नाही लिहिलंस."

वृंदा पेनचं टोपण लावत म्हणाली, "पट्टीवर तेवढीच जागा होती."

मी गोळी घेतली.